सतरा नंबरच्या बरणीतलं पान

झाडाच्या बुंध्याशी मल्चचा ढीग दिसला की आमच्या ऑफिसच्या सरांना गाडी थांबवावीच लागायची. मल्च म्हणजे लाकडाचा भुगा आणि साली. ओल टिकावी म्हणून इथे अमेरिकेत तो झाडांखाली पसरतात. पसरायचा असतो दोन-तीन बोटं जाड आणि बुंध्यापासून वीतभर लांब. पण घाईतले कामगार तो खोडालाच टेकवून उंच शंकू करून जातात आणि आत खोड कुजत राहतं. सरांच्या गाडीत म्हणून कायम एक खुरपं असायचं, सीटखाली, छत्रीच्या शेजारी.

एकदा मला दाढ काढायला जायचं होतं. माझी गाडी दुरुस्तीला दिलेली, म्हणून सर म्हणाले, "चला बाई, मी सोडतो." दंतवैद्याच्या क्लिनिकसमोर ओळीनं पाच झाडं होती आणि पाचही गळ्यापर्यंत मल्चमध्ये. मी आत गेले. पाऊण तासानं बधिर गाल धरून बाहेर आले, तर सर चौथ्या झाडाशी गुडघ्यांवर बसलेले, टाय खांद्यावरून पाठीवर टाकलेला, आणि शेजारी पोलीस. रिसेप्शनवरच्या मुलीनं फोन केला होता.

"हे झाड तुमचं आहे का, सर?" पोलिसानं विचारलं.

"नाही. उद्या तुमच्या गळ्यापर्यंत कुणी माती ओतली, तर तुमचा मालक कोण हे मी आधी विचारू का?"

मला तोंड उघडता येत नव्हतं, त्यामुळे मी नुसती हात जोडून उभी राहिले. पोलिसानं वाकून झाडाचं मोकळं झालेलं खोड पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या आईच्या अंगणात डॉगवुडचं एक झाड आहे. त्याची पानं कडेनं तपकिरी होतायत." सरांनी त्याला दहा मिनिटं प्रश्न विचारले, उपाय सांगितला, आणि तो त्यानं दंडाच्या पावत्यांच्या पुस्तकामागे लिहून घेतला. तो गेल्यावर सरांनी पाचवं झाड मोकळं केलं आणि मगच मला घरी सोडलं.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं विचारत होतात, "आजी, तू अमेरिकेत रोज ऑफिसला जायचीस, तर तिथे करायचीस काय?" मी म्हटलं, फायली लावायचे. तुम्ही हसलात. उत्तर खरं होतं, पण अपुरं. पुण्यात बसून तुम्हाला ते ऑफिस दिसणार नाही, म्हणून ते लिहून काढते आहे. आणि ते ऑफिस म्हणजे सरच होते, म्हणून खरं तर त्यांच्याबद्दलच लिहिते आहे.

आमची एक संघटना होती. राज्यातले नर्सरीवाले, लॉन वाढवून विकणारे, ख्रिसमसची झाडं लावणारे आणि लोकांच्या बागा करून देणारे लँडस्केपवाले असे सगळे तिचे सभासद. कुणाची शेकडो एकरांची नर्सरी, तर कुणाचा एक ट्रक आणि तीन फावडी. पिस्कॅटवे गावाच्या पुढे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. सभासदांवर एखादा नवा कायदा येणार असला की तो आधी आम्ही वाचायचा. एखादी कीड आली आणि झाडं राज्याबाहेर पाठवायला बंदी झाली, की कुठला फॉर्म भरायचा ते आम्ही सांगायचं. औषधफवारणीच्या परवान्याचे वर्ग, हिवाळ्यातलं मोठं प्रदर्शन, मजुरांचा विमा, मुलांच्या शिष्यवृत्त्या हेही आमच्याकडेच. सर म्हणायचे, "आपण एक रोप लावत नाही, बाई. लावणाऱ्यांना उभं ठेवतो, बस."

सर मूळचे नागपूरचे. तिथल्या शेतकी कॉलेजात शिकून पुढच्या शिक्षणासाठी इथे आले आणि राहिले. सभासद त्यांना 'प्रोफेसर' म्हणत, जरी त्यांनी कुठल्याच कॉलेजात कधी शिकवलं नव्हतं. मी सर म्हणायचे, ते मला बाई म्हणायचे. अठरा वर्षं एकत्र काम करून दोघांपैकी कुणीही त्यात बदल केला नाही.

मला ही नोकरी दिवाळीच्या कार्यक्रमात मिळाली. इथल्या मराठी मंडळाच्या दारात मी नावांचे बिल्ले आडनावांप्रमाणे लावून बसले होते आणि रांग मोडणाऱ्यांना परत मागे पाठवत होते. त्यात एकदा सरही होते. ते मुकाट्यानं मागे गेले, पुन्हा रांगेतून आले आणि बिल्ला लावता लावता म्हणाले, "सोमवारी काय करून राहिल्या, बाई?"

सोमवारी मी ऑफिसात गेले, तर खुर्चीवर कागद, कागदांवर कुंडी, कुंडीत कागद. पहिला महिना मी नुसती जमीन शोधत होते.

सभासदांच्या नर्सऱ्यांना भेट द्यायला सर महिन्यातून दोनदा निघत आणि टिपणं घ्यायला मी बरोबर जाई. नर्सरीत शिरल्यावर मालकाशी हात मिळवण्याआधी ते एखादी कुंडी उपडी करून मुळं बघायचे. मुळं कुंडीला गोल गोल वेढे घालत असली तर मालकाकडे असं बघायचे, की त्यानं चार महिने रोपाला जेवायला घातलेलं नाही असं वाटावं. आणि दुसरी एक गोष्ट ते करायचे, ती माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

इथल्या बागसामानाच्या दुकानांत सिमेंटच्या मूर्ती विकायला असतात. बेडूक, ससे, लाल टोपीचे बुटके आणि त्यांच्यातच बुद्ध, ध्यानाला बसलेले, जमिनीवर, बेडकाच्या शेजारी. सर बोलत बोलत तिथे जायचे, मूर्ती दोन्ही हातांनी उचलायचे आणि वरच्या फळीवर ठेवायचे. बोलणं थांबवायचे नाहीत. मूर्ती जड असली तर मालकालाच म्हणायचे, "जरा एक हात द्या." तो द्यायचा. पुढच्या भेटीला मूर्ती परत खाली असायची आणि सर ती परत वर ठेवायचे.

"सर, तुम्ही त्यांना सांगत का नाही?" मी एकदा गाडीत विचारलं.

"काय सांगू? तो बिचारा विकून राहिला. त्याला काय माहीत, माझ्या घरी कुणाचा फोटो आहे." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "आणि बाई, माझं काम आहे ना ते. त्याचं थोडीच आहे?"

एका नर्सरीच्या म्हाताऱ्या मालकिणीनं मात्र एका वर्षी सगळ्या बुद्धमूर्तींसाठी वर एक वेगळी फळीच करून घेतली. कारण विचारलं तर म्हणाली, "प्रोफेसरची पाठ दुखते."

आता दुष्काळाची गोष्ट. एका उन्हाळ्यात आमच्या राज्यात पाऊस झालाच नाही आणि घरच्या लॉनला पाणी घालायला बंदी येणार असं ठरत आलं. ठीक होतं. पण नियमाचा मसुदा मी वाचला, तेव्हा त्यात 'सर्व शोभेच्या वनस्पती' असं होतं. म्हणजे नर्सरीत विकायला ठेवलेलं प्रत्येक रोप त्यात आलं. गव्हाचं शेत चालेल, गुलाबाचं नाही. कुंडीतलं रोप उन्हात तीन दिवस पाण्याशिवाय राहिलं की गेलं. आमचे सभासद फोनवर अक्षरशः रडत होते.

सरांनी निवेदन वगैरे लिहिलं, पण त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. सोमवारी आम्ही राज्याच्या राजधानीत गेलो आणि समितीतल्या प्रत्येक आमदाराच्या टेबलावर एक छोटी कुंडी ठेवून आलो. सोबत चिठ्ठी, 'कृपया गुरुवारपर्यंत पाणी घालू नये.' गुरुवारी सुनावणी होती. सर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "आपापली कुंडी आणा." कुंड्या आल्या. माना टाकलेल्या, पानं कागदासारखी. एकच टवटवीत होती. त्या आमदारांचं तोंड लाल झालं. मागून त्यांची सेक्रेटरी उठली आणि म्हणाली, "मला बघवेना. मी रोज अर्धा कप घालत होते."

"अर्धा कप!" सर समितीकडे वळून म्हणाले. "आमचं मागणं एवढंच आहे."

नर्सऱ्यांना सूट मिळाली. परतताना सरांनी वाळलेल्या सगळ्या कुंड्या गाडीत घातल्या आणि आठवडाभर ऑफिसात त्यांची सेवा केली. दोन वाचल्या.

पण सरांचा खरा जीव होता तो परीक्षेत. आमची संघटना दरवर्षी उन्हाळा संपताना लँडस्केपवाल्यांसाठी प्रमाणपत्राची परीक्षा घ्यायची. तिचा अर्धा भाग म्हणजे झाडं ओळखणं. लांब टेबलांवर पन्नास काचेच्या बरण्या, प्रत्येकीत पाणी आणि एक फांदी, बाहेर नंबर. उमेदवारांनी हात मागे बांधून पुढे सरकत जायचं आणि कागदावर नाव लिहायचं. पन्नासात पस्तीस बरोबर आली तर पास. कुठल्या झाडांचा अभ्यास करायचा त्याची यादी सरांची, फांद्या कापायच्या त्या सरांनी, पहाटे, स्वतः. नियमांची पुस्तिकाही सरांचीच. हात लावायचा नाही, कुजबुजायचं नाही, परीक्षकाचा निर्णय अंतिम. उत्तरपत्रिका तपासायचे मी, सरांच्या उत्तरसूचीवरून.

ज्या वर्षाबद्दल सांगते आहे, त्या वर्षी सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. ते कबूल करत नव्हते. फाईल नाकाला लावून वाचायचे आणि म्हणायचे, "अक्षर बारीक करून राहिले हे लोक."

त्या परीक्षेला मार्ता नावाची एक बाई बसली होती. चाळिशीतली, ग्वाटेमालाची, एका लँडस्केपवाल्याच्या टोळीत अनेक वर्षं काम करणारी. तिच्या मालकाला एका गावाच्या सार्वजनिक बागेचं काम मिळालं होतं आणि गावाची अट होती की कामावरच्या मुकादमाकडे आमचं प्रमाणपत्र हवं. मार्ता पास झाली तर मुकादम ती. नाही झाली तर मालक बाहेरून कुणाला तरी आणणार आणि ती पुन्हा फावड्यावर.

तिला चौतीस मिळाले.

निकाल लागल्याच्या चौथ्या दिवशी, दुपारी, ती ऑफिसात आली. बूट दाराबाहेर झटकून आत आली आणि टोपी हातात घेऊन उभी राहिली.

"मला मार्क मागायचा नाहीये," ती म्हणाली. "मला फक्त सतरा नंबरचं पान परत बघायचंय."

सरांनी तिची उत्तरपत्रिका नाकाला लावली. सतराव्या फांदीसमोर तिनं 'नॉर्वे मेपल' लिहिलं होतं. सूचीत 'शुगर मेपल' होतं.

"अहो, नॉर्वे मेपल तर यादीतच नाही," सर म्हणाले. ते खरं होतं. हे झाड बाहेरून आलेलं, आपोआप उगवून इथल्या रानाला खाणारं. लोकांनी ते लावू नये म्हणून संघटनेनं मोहीमच काढली होती, आणि सरांनी दोन वर्षांपूर्वी त्याचं नावच अभ्यासाच्या यादीतून काढून टाकलं होतं. "बाकी सगळ्यांनी शुगर मेपल लिहिलंय."

"त्यांनी यादी पाठ केलीये," मार्ता म्हणाली. "मी आठ वर्षं ही झाडं उपटतेय."

"दोघांची पानं सारखीच दिसतात. तुम्ही कशावरून ओळखलंत?"

ती सरळ म्हणाली, "देठ मोडला. चीक आला, पांढरा. शुगर मेपलला पांढरा येत नाही."

सरांनी उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली. सर सावकाश म्हणाले, "हात लावायची बंदी आहे. यासाठी मी तुमचा पेपरच रद्द करू शकतो, माहितीये?"

"माहितीये."

"मग सांगितलंत कशाला?"

"तुम्ही विचारलंत."

सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. ते हट्टाला पेटले की चष्मा पुसत. "बरण्या तर त्याच संध्याकाळी रिकाम्या होतात," ते मला मराठीत म्हणाले. "आता काय दाखवू यांना?"

"रिकाम्या केलेल्या नाहीत, सर," मी म्हटलं. "निकालावर आठवडाभर हरकत घेता येते, असं तुमच्याच पुस्तिकेत आहे. पन्नासच्या पन्नास फ्रिजमध्ये आहेत." त्यापायी परीक्षेच्या दिवसापासून ऑफिसात कुणाला डबा ठेवायला जागा नव्हती आणि सगळे माझ्यावर चिडलेले होते.

मी सतरा नंबरची बरणी आणली. फांदीला पाच पानं होती. एकाचा देठ मोडलेला, त्याच्या टोकाशी काहीतरी वाळलेलं. सरांनी दुसरं पान धरलं आणि देठ मोडला. पांढरा थेंब आला. त्यांना तो दिसला की नाही कोण जाणे, पण त्यांनी तो दोन बोटांत घेऊन चोळला, बोटं चिकटून सुटली, आणि त्यांनी तसाच हात पुढे धरून ठेवला, लहान मूल खरकटा हात धरतं तसा.

"ओळीच्या टोकाशी होतं ते झाड," ते म्हणाले. "कुंपणाला लागून. आपोआप उगवलेलं असणार. मला वाटलं ओळीतलंच आहे."

मार्तानं टोपी डोक्यावर घातली. सरांनी तिला सोमवारी कळवतो म्हणून सांगितलं. दारापर्यंत सोडायलाही गेले.

मग त्यांनी मला सगळ्या उत्तरपत्रिका काढायला लावल्या. सव्वीस जण. सतराव्या फांदीचा मार्क सगळ्यांचा काढून मार्ताला द्यायचा, आणि काय होतं ते बघायचं. मी बेरजा दोनदा केल्या. एकच माणूस खाली येत होता, पस्तीसवरून चौतीसवर. आमच्या अध्यक्षांचा जावई.

अध्यक्ष म्हणजे राज्यातली सगळ्यात मोठी नर्सरी. हिवाळ्यातलं प्रदर्शन त्यांच्या आधारावर उभं राहायचं. जावई बँकेतली नोकरी सोडून नुकताच सासऱ्याच्या धंद्यात आला होता. आणि सरांची नेमणूक दरवर्षी संचालक मंडळाच्या मतानं पुढे चालू व्हायची.

मुलांनो, मी खरं सांगते. मी सरांना म्हटलं, "सर, तिला एक मार्क द्या आणि बाकीच्यांचे तसेच राहू द्या. तीही पास, तोही पास." मला अजूनही ते फार वाईट सुचवलं असं वाटत नाही.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग कधीच न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. त्यांचे वडील नागपुरात एका सरकारी बागेत होते, जन्मभर रोजंदारीवर. त्यांना शाळा नव्हती, पण बागेतलं प्रत्येक झाड पाठ. त्यांच्यावरचा साहेब परीक्षा पास झालेला, आणि त्याला आंबा आणि फणस सोडून काही ओळखता येत नव्हतं. पाहुणे आले की तो साहेब पुढे चालायचा, आणि सरांचे वडील त्याच्या मागे एक पाऊल, झाडांची नावं हळूच सांगत. "माझ्या बापानं कुजबुजायचं आणि त्यानं मोठ्यानं बोलायचं," सर म्हणाले. "ही परीक्षा मी कशासाठी सुरू केली, बाई? ज्याला येते त्याच्याच हाती कागद जावा म्हणून. आता ज्याला ते झाड ओळखता आलं नाही त्याच्या हाती मी कागद कसा ठेवू? चूक माझी आहे म्हणून?"

मंडळाची बैठक शनिवारी सकाळी एका सभासदाच्या बागसामानाच्या दुकानामागे झाली. बाहेर शेवंतीच्या कुंड्या उतरवणं चाललं होतं. अकरा जण टेबलाभोवती. सरांनी बरणी मध्ये ठेवली आणि बसले नाहीत.

"सतराव्या फांदीची चूक माझी," ते म्हणाले. "मला दिसत नाही. मी ते लपवलं."

मार्तानं देठ मोडून झाड ओळखलं, हेही त्यांनी सांगून टाकलं. अध्यक्ष पहिल्यांदा बोलले, आणि शांतपणे बोलले. "प्रोफेसर, चूक कुणाकडूनही होते. त्या बाईला मार्क द्या. बाकीच्यांना कशाला हात लावायचा? कुणाचं काय बिघडतंय?" अगदी माझंच वाक्य. मी टिपणाच्या वहीत मान घातली.

"पंचवीस जणांनी चुकीचं नाव लिहिलंय," सर म्हणाले.

"कारण तुम्ही बरोबर नाव यादीत ठेवलं नव्हतंत!"

"हौ," सर म्हणाले. एकदम नागपुरी 'हौ', पण अर्थ सगळ्यांना कळला. "तेही माझंच."

ख्रिसमसची झाडं लावणारा एक म्हातारा सभासद म्हणाला, "पण त्या बाईनं नियम मोडलाय. हात लावला. नियमानं तिचा पेपरच बाद होतो. मग प्रश्नच मिटला."

मला वाटलं, संपलं. टेबलाभोवती चार-पाच माना हलल्या. असं केलं असतं तर कुणाचंच काही बदललं नसतं. फक्त मार्ता फावड्यावर गेली असती.

"पुस्तिकेत 'बाद करू शकतो' असं आहे," सर म्हणाले. "'करावा' असं नाही. मी करणार नाही. आणि तो नियम लिहिणारा मूर्ख मीच. तुमच्यापैकी कोण हात मागे बांधून झाड ओळखतो? तुम्ही? तुम्ही तर चावून बघता."

म्हातारा हसला. बाकीचेही हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

मत घेतलं. सहा विरुद्ध पाच. सगळ्यांचा सतरावा मार्क गेला आणि मार्ताला मिळाला. लगेच सरांनी खिशातून एक कागद काढून अध्यक्षांपुढे ठेवला. यापुढे परीक्षक म्हणून मी काम करणार नाही, एवढंच त्यावर होतं. अध्यक्षांनी तो घडी करून खिशात घातला आणि सरांशी हात न मिळवता निघून गेले. त्या वर्षी सरांची नेमणूक पुढे चालू राहील की नाही, हे आम्हाला बरेच दिवस कळलं नाही. राहिली. पण प्रदर्शनात अध्यक्षांच्या नर्सरीचा स्टॉल त्या वर्षी नव्हता, आणि ते आम्हा सगळ्यांना जाणवलं.

सोमवारी सकाळी पहिला फोन जावयाचा आला. मी घसा साफ करून तयार झाले. तो म्हणाला, "पुढची परीक्षा कधी आहे? आणि मॅडम, मी सतरा नंबर अंदाजानंच लिहिला होता." मी तारीख सांगितली. 

प्रमाणपत्र टपालानं पाठवायची आमची पद्धत. सर म्हणाले, "नाही, जाऊ." त्यांना गाडी चालवू द्यायची नाही असं मी आणि त्यांच्या मुलीनं ठरवलं होतं, म्हणून मी चालवली. ती बाग तासाभरावर होती. बागेच्या कडेला ट्रक उभा, आणि पाच-सहा माणसं डबे उघडून सावलीत बसलेली. मार्ता एकटी उभी होती, फोनवर बोलत. आम्हाला पाहून तिनं फोन खाली केला.

सरांनी पाकीट पुढे केलं. तिनं हातमोजे काढले, पँटला हात पुसले आणि मग घेतलं. आतला कागद तिनं दोनदा वाचला.

"नियम मोडलात, ते मी तुमच्या फायलीत लिहिलंय," सर म्हणाले.

"लिहा," ती म्हणाली. मग जरा धीर करून, "एक विचारू? नॉर्वे मेपल यादीतून का काढलंत?"

"लोकांनी ते लावू नये म्हणून."

"लोक लावत नाहीत, सर. ते आपोआप येतं. यादीतून काढलंय हे त्याला कुणी सांगितलं नाही." सर मोठ्यानं हसले, इतके की डबे खाणारी माणसं मागे वळली.

मग तिनं ट्रकच्या दारातून एक क्लिपबोर्ड काढला. गावाच्या नगरपालिकेचा कामाचा कागद होता. कुठली झाडं काढायची, कुठली ठेवायची, आणि खाली मुकादमाची सही. सहीची जागा आठवडाभर रिकामी होती, म्हणून माणसं सकाळपासून बसून होती. मार्तानं कागद बॉनेटवर ठेवला, प्रमाणपत्राचा नंबर एकेक आकडा बघून उतरवला आणि सही केली. सही लांबलचक होती, तिचं पूर्ण नाव. मग शिट्टी वाजवली. माणसं डबे बंद करून उठली. तिनं पहिल्या झाडाकडे हात केला, दुसऱ्याकडे नाही, तिसऱ्याकडे हात केला. कुणी तिला काही विचारलं नाही.

सर उन्हात उभे होते, डोळे बारीक करून. त्यांना कितपत दिसत होतं, मला माहीत नाही. आरा सुरू झाला तसे ते म्हणाले, "चला बाई. ते काम करून राहिले, आपण मध्ये नको."